कवड्यांचा लिफाफा

लिफाफा हा शब्द मी दातांनी शिकले. हसू नका, सांगते.

कापसानं पाठ फिरवली होती ती वर्षं. वेचणी नाही, तर बायांच्या हाताला काम नाही. अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा. तेवढ्यात कळलं, शाळेची खिचडी शिजवायचं काम बचत गटाला मिळणार. ते मिळालं तर आम्ही लेकरांसकट घरीच राहणार होतो. महागावच्या कचेरीत मीच गेले. सातवी शिकलेली ना, तांड्याची बॅरिस्टर!

बाबू म्हणाले, "अर्ज बंद लिफाफ्यात आणा, बाई. कोणाले उघडता नाही आला पाहिजे."

"लिफाफा काय मले माहीत नाही?" मी फणकारले. पाकिटाला पाकीटच म्हणणारी मी. हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण विचारलं तर बॅरिस्टरकी जाते! नाक एवढं वर, की बसमध्ये टपाला लागलं असेल.

घरी सासूला, म्हणजे आमच्या याडीला, एवढंच म्हटलं, "कोणाले उघडता येनार नाही असं कायतरी पाहिजे, याडी."

"मंग शीव ना! सोनंनाणं आपण शिवूनच ठेवतो."

लाल कापडात अर्ज घातला, चारी बाजूंनी तांड्याचा बारीक टाका मारला. वर आरसा, कोपऱ्यांना कवड्या. सरकारी काम, साधं कसं द्यायचं?

अर्ज उघडायच्या दिवशी टेबलावर दोनच होते. गावातल्या दुसऱ्या गटाच्या पाकिटाचा डिंक सुटून तोंड वासलेलं. साहेब म्हणाले, "उघडा आहे. बाद."

त्या गटाची बाई उसळली, "अन् हे बैलाच्या झुलीवानी काय आहे? हा लिफाफा आहे का?"

बाबू पोट धरून हसले. "बाई, लिफाफा म्हंजे पाकीट! कागदाचं!"

मला वाटलं, जमीन फाटावी. साहेब मात्र गंभीर. "कागद आत आहे, तोंड बंद आहे. उघडून दाखवा बरं."

बाबूंनी नख लावलं, पेन खुपसला. टाका हलेना. मग मीच पुढे झाले, पदर खोचला आणि कटकन दातानं दोरा तोडला.

त्या वर्षी ऊसतोडीची गाडी आमच्या दारावरून रिकामीच पुढे गेली. आम्ही शाळेच्या चुलीवर खिचडीचं मोठं पातेलं चढवत होतो.

दुसऱ्या वर्षी दुकानातून चांगला कागदाचा लिफाफा आणला, ऐटीत नाव घेऊन मागितला. चिकटवला. आणि वर दोन टाके घातलेच.