न सापडलेल्या बेडकांचे वकील

जगात जेवढी म्हणून शास्त्रं आहेत, त्यांतल्या एकातलंही ओ की ठो न कळता त्या सगळ्यांवर पोट भरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. पिस्कॅटवेजवळच्या एका मोठ्या विद्यापीठात ते संख्याशास्त्रज्ञ होते. म्हणजे नक्की काय करत होते, हे आम्हा नातेवाइकांना बरेच दिवस कळलं नाही. विचारलं की ते "मॉडेल बसवतो" एवढंच सांगत, आणि आमच्या सासूबाईंची समजूत होती की धाकटा जावई अमेरिकेत कुठल्याशा कारखान्यात फिटर आहे. खरा प्रकार असा, की कुठल्याही विभागातल्या संशोधकानं आपली आकडेवारी घेऊन यांच्या खोलीत यायचं, आणि यांनी ती गणितात बसवून सांगायचं, की बाबा, तुला जे सापडलं ते खरंच सापडलंय की नुसता योगायोग आहे. सकाळी बेडकांवाल्या बाई, दुपारी हृदयाचे डॉक्टर, संध्याकाळी मक्यावरच्या किडीवर डॉक्टरेट करणारा कुणीतरी. आणि हे मधोमध, कुणाच्याही धंद्याची गंधवार्ता नसताना, सगळ्यांचे कान धरायला मोकळे. एका नावाजलेल्या हृदयतज्ज्ञाला त्यांनी म्हणे पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हार्ट सगळ्यांचं डावीकडेच असतं ना?" डॉक्टर हसले. साडूंनी मला हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात, की बघा, साधा प्रश्न विचारला तर हे लोक उत्तर देत नाहीत.

माणूस नागपूरचा. आवाज मोठा, आणि भीड कशाशी खातात ते ठाऊक नाही. मी पुण्याचा, तिथून जवळच एडिसन गावात एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे तक्त्यात एखादा रकाना रिकामा दिसला, की आम्ही तिथे बाकीच्यांची सरासरी टाकतो आणि जेवायला जातो. ही रीत मी एकदा त्यांना सहज बोलून दाखवली, तर चोराला रंगेहाथ पकडावं तसे ते माझ्याकडे बघायला लागले. "काय बोलून राहिले तुम्ही, साडूभाऊ? रकाना रिकामा आहे तर आधी विचारा ना, काहून रिकामा आहे!" या माणसाची सगळी विद्या या एका वाक्यात संपत होती. बेडूक असोत, बटाटे असोत की भूकंप असोत, समोरच्यानं काय सापडलं ते छाती फुगवून सांगावं आणि यांनी विचारावं, "हे झाले सापडलेले. न सापडलेले कुठे आहेत?" एवढ्यासाठी विद्यापीठ त्यांना पगार देत होतं.

त्या बेडकांवाल्या बाईंचंच घ्या. बिचारी संध्याकाळी तळ्याकाठी उभी राहून बेडकांचे आवाज मोजायची, आणि रस्त्याजवळच्या तळ्यांत बेडूक जास्त असतात असा तिला शोध लागला होता. साडूंनी विचारलं, लांबच्या तळ्यांवर किती वेळा गेलात? तिथे गाडी जात नाही, चिखल तुडवत जावं लागतं, म्हणून फारसं जाणं झालं नव्हतं. "मग हा बेडकांचा अभ्यास नाही, पार्किंगचा आहे," असा निकाल देऊन हे डबा खायला बसले. बाई रडत गेली म्हणतात. पण ती त्यांच्याहून वस्ताद निघाली. दुसऱ्या आठवड्यात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून आली आणि म्हणाली, चला, लांबच्या तळ्यावर, तुम्हीही चला. हे गेले, तेही ऑफिसच्या पॉलिश केलेल्या बुटांत. कमरेपर्यंत चिखलात रुतून परत येताना वाटेत आमचं घर लागतं म्हणून आत आले, आमच्या नव्या कार्पेटवर उभे राहिले आणि कोलंबसाच्या चेहऱ्यानं म्हणाले, "अहो, बेडूक ओले असतात!" दोन वर्षं बेडकांच्या आकड्यांवर काम केलेल्या माणसाचं हे ज्ञान. कार्पेटचा डाग अजून आहे.

त्यांच्याबरोबर बाहेर जेवायला जाणं ही तर शिक्षाच होती. ओक ट्री रोडवर एक डोशांचं हॉटेल निघालं, सगळ्यांनी पाचापैकी पाच स्टार दिलेले. आम्ही भुकेजलेले दारात उभे, आणि हे फोनमध्ये डोकं घालून म्हणतात, "ज्यांचं पोट बिघडलं ते घरी झोपून आहेत. ते कुठून स्टार देणार?" शेवटी आम्ही आत बसून डोसा खाल्ला आणि हे आमच्या समोर बसून, उद्या आम्ही कसे असू याची वाट बघत नुसती कॉफी प्यायले. घरीही तीच तऱ्हा. माझी मेहुणी कधी आणि का चिडते याचं त्यांनी एकदा मॉडेल बसवलं. हवामान, सासरचा फोन, माहेरचा फोन, भांडी घासायचं यंत्र बंद पडणं, सगळं त्यात घातलं, आणि निष्कर्ष असा निघाला की यांतल्या कशाचाच काही संबंध नाही, फक्त नवरा घरात आहे की नाही एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. हा निष्कर्ष त्यांनी तिला मोठ्या आनंदानं वाचून दाखवला. पुढे काही दिवस तिनं बोलणंच टाकलं, तर ते मला म्हणतात, "डेटा येणं बंद झालं, यार."

पण कळस केला तो आमच्याच घरी, दिवाळीच्या फराळाला. दरवर्षी आमच्याकडे पंचवीस-तीस माणसं येतात. सगळे चकलीचं कौतुक करत होते, आणि आमची ही, कधी नव्हे ती, लाजत होती. खिडकीजवळच्या खुर्चीतून साडूंचा आवाज आला, "जे आलेच नाहीत त्यांना विचारलं का? त्यांनी मागच्या वर्षी खाल्ली असेल." आमची मुलगी इथलीच, तिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं. ती म्हणाली, "काका, दॅट्स सो रूड!" त्यावर हे चकली मोडत शांतपणे म्हणतात, "रूड आहे, पण राँग आहे का?" हिनं त्यानंतर वर्षभर त्यांना चकली वाढली नाही.

असा माणूस कुठेतरी आपटणार हे सांगायला मॉडेल लागत नव्हतं. झालं ते असं. एका वजनदार प्रोफेसरांनी म्हाताऱ्या माणसांच्या गुडघेदुखीवर व्यायामाचा एक कार्यक्रम बसवला होता. ज्यांनी तो पूर्ण केला, ते खूश होते. साडूंचा पगार त्याच प्रकल्पातून निघत होता, आणि त्यांचं काम एवढंच, की आकडे बसवायचे आणि शोधनिबंधावर आपलं नाव घालू द्यायचं. यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, जे मधेच सोडून गेले त्यांचं काय? प्रोफेसर म्हणाले, त्यांचे रकाने सरासरीनं भरा. हे म्हणाले, त्यांना फोन करू द्या. प्रोफेसर म्हणाले, काही गरज नाही. हे म्हणाले, मग माझं नाव घालू नका. प्रोफेसर म्हणाले, मग नोकरीही विसरा. इथे ज्यांनी दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की मांडलेलं बिऱ्हाड जातं. यांचं ग्रीन कार्ड त्या नोकरीच्या भरवशावर कित्येक वर्षं रांगेत उभं होतं.

मेहुणीनं मला फोन केला, "भाऊजी, तुम्ही येऊन जरा समजवा ना यांना. तुमचं ऐकतील." ते माझं कधी ऐकत नव्हते, पण मी गेलो. रविवारची दुपार होती. साडू स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मटार सोलत होते.

"घाला ना नाव," मी म्हटलं. "सगळे घालतात. एका निबंधानं काय आकाश कोसळणार आहे?"

"त्या बायका कुठे गेल्या, भाऊ? बहुतेक सगळ्या बायकाच आहेत सोडून गेलेल्या. व्यायामानं दुखणं वाढलं म्हणून गेल्या, की न्यायला-आणायला कुणी नव्हतं म्हणून? एक फोन करू देत नाही तो माणूस."

"अहो, मरेनात का त्या!" मी वैतागलो.

"तेच तर विचारून राहिलो ना मी," ते म्हणाले. "मेल्या की काय?"

मला हसू आलं, आणि लगेच ते आलं म्हणून राग आला. मी मेहुणीकडे वळलो. म्हटलं, आता हीच काय ते यांना वठणीवर आणेल. तिचे डोळे भरले होते. या घराचे पडदे तिनं स्वतः शिवले होते. पदरानं डोळे पुसावेत तसे ती ओढणीनं पुसत म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. मनाविरुद्ध सही करून हे घरी बसले ना, तर माझं जगणं आणखी नकोसं करतील. त्यापेक्षा नागपूर बरं." आणि ती उरलेले मटार सोलायला बसली.

मी तिला मूर्ख म्हटलं, त्यांनाही म्हटलं. दोघांनीही ऐकून घेतलं. मग मेहुणीनं मटार उसळीला टाकले आणि मी तिथेच जेवलो.

शेवटी ती दोघं गेली. पडदे, बर्फ ओढायचं फावडं आणि एक न चालणारा मिक्सर आमच्या गॅरेजमध्ये येऊन पडला. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो, तर हा माणूस शेवटच्या मिठीच्या वेळी मला म्हणतो, "गाडी इथे जास्त वेळ उभी करू नका, दंड होईल." निबंध यथावकाश दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं छापून आला. त्या सोडून गेलेल्या बायकांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. साडूंचं म्हणणं बरोबर होतं की चूक, तेही नाही. कुणी फोनच केला नाही, तर कळणार कसं? ते आता नागपूरला एका कॉलेजात शिकवतात, आणि संत्र्यांवरच्या रोगाचा अभ्यास करणाऱ्या कुणाशी तरी त्यांचं भांडण चालू आहे असं मेहुणी सांगते. त्यांना संत्र्यातलंही काही कळत नाही, फक्त खाता येतं.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे नेहमीसारखी मंडळी जमली. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत शेजारी नव्यानं राहायला आलेले एक गृहस्थ बसले होते. फार चांगला माणूस. चकली छान म्हणाले, लाडू छान म्हणाले, घर छान म्हणाले, हवासुद्धा छान आहे म्हणाले. रिकाम्या रकान्यात आम्ही सरासरी टाकतो, तशी ती खुर्ची भरली होती. कुणी कुणाचा मूड घालवला नाही, कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि मला अख्खी संध्याकाळ त्या वेड्या माणसाची फार आठवण येत राहिली.

मंडळी पांगल्यावर ही ताटं गोळा करता करता म्हणाली, "छान झालं ना रे सगळं? सगळ्यांना आवडलं ना?"

मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "एव्हरीबडी लव्ड इट, आई."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जे आलेच नाहीत त्यांना विचारलंस का?"

मला वाटलं, आता ही भडकणार. ती हातातलं ताट तसंच धरून त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग डब्यातली एक चकली काढून तिनं माझ्या हातावर ठेवली.

"विचार ना मग," ती म्हणाली. "तिकडे नागपूरला उजाडलं असेल आता."