विरळणीची दुसरी ओळ

७ ऑक्टोबर २०१८, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. होळी गावातल्या आमच्या वाडीसमोर रिक्षा उभी होती आणि बाबा माठाच्या वाफ्यात विरळणी करत बसले होते. दाट उगवलेली रोपे उपटायची आणि ओळीत जिथे नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, पडल्या असतील तिथे ती लावायची. पुण्याच्या सल्लागार कंपनीत निघालेल्या लेकीला निरोप देतानाही त्यांचे हात थांबले नाहीत. "उपटणं सोपं गं. नांगा भरला की मग विरळणी झाली म्हणायचं."

"अहो, पोरगी चाललीय, माठ नाही!" आई ओरडली.

होळीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, मी नेमके काय करते असे तुम्ही विचारता. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी कंपन्यांना सांगते की संगणक काम करू लागल्यावर कोणती माणसे ठेवावीत आणि कोणाला नवे काम शिकवावे. याला ‘टॅलेंट स्ट्रॅटेजी’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना आता तोंडात खवट तेलाची चव येते.

गेल्या वर्षी एका विमा कंपनीतले, दावे तपासणारे एकशे अठरा कर्मचारी माझ्या यादीत आले. त्यांचे काम सॉफ्टवेअरला शिकवायचे होते. योजनेला मराठी नाव हवे होते. मी उत्साहाने बाबांचा ‘विरळणी’ हा शब्द सुचवला आणि त्याखाली दोन ओळी लिहिल्या : जादा जागा कमी करणे. प्रत्येकाला रिकाम्या जागी नेमणे.

"सुपर! एकदम मातीतला शब्द," साहेब म्हणाले. "फक्त दुसरी ओळ काढ, स्लाइड भरलीय."

मी काढली. पुढे कुठेतरी घालू, अशी स्वतःची समजूत घातली.

खोटे बिल नजरेने कसे ओळखायचे, हे त्या यादीतल्याच सुलभाताईंनी तीन आठवडे मला शिकवले. "मॅडम, मशीनला सगळं शिकवलं की आम्ही काय, नुसता चहा प्यायचा?" सगळे हसले. "तुम्हाला दुसरी जागा मिळेल," मी म्हणाले. तसे मी म्हटले म्हणून त्या शिकवत राहिल्या.

मग कामावरून कमी केल्याची पत्रे निघाली. जिन्यात लोक एकमेकांना विचारू लागले, "तुझी विरळणी झाली का रे?" ओळखपत्र परत करताना सुलभाताई एवढेच म्हणाल्या, "आता चहा घेऊ ना, मॅडम?" मला बढती मिळाली. अभिनंदनाचा केक मी खाल्ला, हे मला सर्वांत किळसवाणे वाटते.

दिवाळीत घरी गेले, तेव्हा योजनेचे नाव माझ्याकडून आधीच ऐकलेल्या बाबांनी वाफ्यातूनच विचारले, "किती जणांना जागा मिळाली?"

"सगळ्यांना."

"मग झाली विरळणी," म्हणून ते समाधानाने पुन्हा खाली वाकले.

माझा प्रत्येक आकडा कचेरीत तीन जण पडताळतात. जिथे तो कोणीच पडताळत नाही, ते माझे घर. नेमके तिथेच मी खोटा आकडा दिला, आणि त्यानंतर त्या वाफ्याशेजारी मला बसवत नाही. हे बाबा वाचतील, म्हणून माझ्या वहीतली शेवटची नोंद इथे उतरवते. जागा मिळालेले, एकशे अठरांपैकी : ६.