मुकुटबन ते यवतमाळ : एक कुत्रा, एक मांजर आणि बाबा

आई गेल्यापासून बाबा मुकुटबनला एकटेच राहत होते. यवतमाळला चला म्हटलं की एकच उत्तर, "मनीले कोण पाहीन?" मनी ही आईची मांजर. शेवटी म्हटलं, मनीसकट चला. आमचा शेरू घरी एकटा राहत नाही, म्हणून बाबांना आणायला जाताना तोही गाडीत. नवऱ्याने हात जोडले आणि ऑफिसला पळाला. तुम्हीही असं काही करणार असाल तर वाचा, माझ्या चुकांतून तुमचा ताप वाचेल.

मार्चअखेरचं आमच्याकडचं ऊन म्हणजे थट्टा नाही, त्यामुळे उजाडायच्या आत निघाले. शेरूला सकाळी नुसतं पाणी दिलं. भरल्या पोटी कुत्रं गाडीत हमखास ओकतं. मागच्या सीटवर त्याचा छातीपट्टा सीटबेल्टला अडकवला. जोडमोहा, करंजी, मारेगाव करत वणीला पोचलो. तिथे गाडीला टेकून उभ्यानेच आलूबोंडा खाल्ला, कारण बंद गाडीत जनावराला पाच मिनिटंही सोडू नये. पुढे कोळशाचे ट्रक लागले. काचा वर केल्या, पण शेरूने एकेका ट्रकवर मनसोक्त भुंकून घेतलं.

मुकुटबनला पोचते तर शेजारच्या शांताकाकूंनी मनीला पोत्यात घालून तोंडही बांधून ठेवलेलं!

"काकू, हे काय वं?"

"अवं, मांजर अशीच नेतात. रस्ता दिसला का वापस येते ते."

काकूंनी प्रेमानेच केलं होतं, पण उन्हाळ्यात पोत्यात जीव गुदमरतो. खोलीचं दार लावून मी पोतं सोडलं. मनी जी सुटली ती तिथे साठवलेल्या कापसाच्या ढिगामागे. बाबा खाटेवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मनी नाही आली, तं मीबी येत नाही."

किती महिन्यांनी हो म्हणाले होते! मी नवा पिंजरा मधोमध ठेवला (हजार-बाराशेत चांगला मिळतो, तो दोन दिवस आधीच घरात ठेवावा हे मला तेव्हा कळलं), आत आईचं जुनं लुगडं अंथरलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. अख्खी दुपार अंगणात काढली. ऊन उतरल्यावर हळूच डोकावले, तर बाईसाहेब लुगड्यावर झोपलेल्या.

परतीला पांढरकवड्याचा रस्ता धरला. मागे एका बाजूला शेरू, दुसऱ्या बाजूला बेल्टने आवळलेला आणि दुपट्ट्याने झाकलेला पिंजरा, मध्ये बाबा. मनी सारखी ओरडत होती.

"काढू का वं जराशी बाहेर?"

"नाही बाबा. अजिबात नाही."

केळापूर जवळ आलं आणि माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. मनी होती, ब्रेकच्या खाली! समोर ट्रक. पाय उचलला, गाडी कशीबशी डावीकडे घेतली, हँडब्रेक ओढला.

"सांगितलं होतं नं तुमाले? मेलो असतो सारे!" मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा खाली बघत म्हणाले, "तिले रस्ता दाखवून राह्यलो होतो."

"काहून?"

"पोत्यात घालून नेते ते सोडून द्याले, बेटा. रस्ता पाह्यला असता, तं तिले समजलं असतं का वापस येता येते."

माझा सगळा राग गेला. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडले. ते मनीबद्दल बोलत नव्हते हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मनीला परत आत घातलं, पिंजऱ्याचं दार दोरीने बांधलं, आणि खिडकीकडच्या बाजूचा दुपट्टा वर केला. बसल्याजागी केळापूरच्या जगदंबेला हात जोडून बाबांनी मनीला गावं सांगायला सुरुवात केली. "हे पांढरकवडा आलं, पाह्य." जोडमोह्यापर्यंत दोघंही गप्प झाले होते. झोपले असावेत.

नव्या घरात मांजर काही दिवस एकाच खोलीत कोंडून ठेवायची, म्हणजे तिला घर ओळखीचं होतं. मागच्या खोलीत तिची सोय केली, तर बाबांनी खाटही तिथेच टाकायला लावली.

"बाबा, तुमी तरी बाहेर या."

"तिले घर समजाले टाइम लागते म्हणते नं तू? मंग मलेबी लागन."

वाद घातला नाही. दोघांचंही ताट तिथेच नेत राहिले. या प्रवासातून पिंजरा, पट्टा, पाणी हे सगळं शिकले, पण कुणाला त्याच्या घरातून नेणं सोपं असतं आणि आपल्या घरात आणणं अवघड, हे मनात राहिलं.

काल सकाळी मनी शेपटी वर करून स्वयंपाकघरात आली. शेरूने एक डोळा उघडला आणि परत मिटला. तिच्यामागून बाबा आले, ओट्यापाशी उभे राहिले, सगळ्या डब्यांवरून एकदा नजर फिरवली.

"चहापत्ती कुठं ठेवते वं तू?"

मी डबा दाखवला. चहा त्यांनीच केला.