लांबीखालची सळई

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्ज आणि पत्रिकेवरची नावं सोडली तर कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि दोन वर्षं जळगावच्या होस्टेलवर राहिलो म्हणजे आपण लिहावं इतकं मोठं झालो असं मला वाटत नाही. शिवाय हे रागातून लिहितो आहे. ज्यांना शांत लिखाण वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबलं तरी मला वाईट वाटणार नाही.

आमचं गाव चाळीसगावजवळ. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी पिकअप आहे. आठवडी बाजारांना माल पोचवायचा, हे त्यांचं काम. त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे लोणच्याच्या बरण्या विकणाऱ्या अक्का. चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यात बसवून नेताना आबा इतकी हळू गाडी चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला. आबांनी ती चाळीसगावला एका नामांकित मिस्तरीकडे वेल्डिंगला दिली. आठ दिवसांनी, शनिवारच्या बाजाराला जाताना, गावाबाहेरच्या उतारावर तोच जोड उघडला आणि मागचा हौदा एका अंगाला बसला. बरण्या रस्त्यावर फुटल्या. कोणाला लागलं नाही. अक्का रस्त्याच्या कडेला बसून शाबूत झाकणं वेगळी काढत होत्या. आबांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आबांना तेच सहन झालं नाही.

मी सुट्टीला घरी होतो. गाडी घरी ओढून आणल्यावर आबा आणि मी मिस्तरीकडे गेलो. गॅरेजवर सात-आठ ड्रायव्हर बसलेले होते. मिस्तरी खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"माझा जोड जन्मभर जातो, भाऊ. चालवणाऱ्याला खड्डा दिसायला डोळे लागतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शिकलेला दिसतोस. बापाला समजाव, बैलगाडी घे म्हणावं."

सगळे हसले. आबाही थोडं हसले. त्या हसण्याबद्दल मी मिस्तरीला अजून माफ केलेलं नाही. पंधरा दिवसांत बाजारात आबांचं नाव 'बैलगाडी' पडलं. अक्कांनी दुसरा टेम्पो धरला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही.

त्याच आठवड्यात मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरलो. जोडावरचा काळा रंग खरवडला, तर खालून लांबी निघाली. भिंतीच्या भेगा बुजवायला भरतात तशी. लांबी फोडली तर आत एक वीतभर सळई. तड्याच्या फटीत सळई ठोकायची, वरवर वेल्डिंगचा थर द्यायचा, त्यावर लांबी आणि रंग. जोड लोखंडात उतरलाच नव्हता. मी ती सळई ओढली तर हातात आली.

आबांना दाखवली. ते म्हणाले, "फेकी दे." मी फेकली नाही. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पेटीत ठेवली. ठरवलं की गाडी आपणच जोडायची, आणि मग ही सळई त्याला चार लोकांत परत करायची. आधी दाखवली असती तर तो म्हणाला असता, बोलायला काय जातं, जोडून दाखव.

पण मला वेल्डिंगचं काहीच कळत नव्हतं. जळगावात एका दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "किती अँपिअर?" मी म्हणालो, "गाडी जोडेल एवढं." त्याने आतल्या माणसाला हाक मारून माझं उत्तर ऐकवलं.

आमच्याकडे यंत्र वजनावरून जोखतात. जड ते चांगलं. आबांनीही उचलूनच बघितलं असतं. म्हणून सुट्टीत कापसाच्या जिनिंगमध्ये काम करून मी धंदा बंद पडलेल्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं जुनं, तांब्याच्या वेटोळ्यांचं मशीन घेतलं. चौघांनी ते उतरवलं. घरच्या सिंगल फेजवर लावून वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला, तर रॉड चिकटला आणि गल्लीतले दिवे पिवळे पडले. शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "कोन शे रे तो? मन्हा पंखा मरी गया!" कोणीतरी म्हणालं, "बैलगाडीना पोऱ्या शे." मी मशीन बंद केलं.

शेवटी ते मशीन तांब्याच्या भावाने विकलं आणि धुळ्याला मामांकडे गेलो. मामांनी तीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलं. जड मशीनचं ऐकून ते हसत सुटले. "भाचा, तू मशीन लेवाले गया व्हता का लोखंड? वजन नको पाहू. घरनं मीटर पाह्य." म्हणजे घरची वीज किती भार पेलते ते बघ.

तेच मला दुकानात घेऊन गेले. मला तिथलं गॅसवर चालणारं, तारेचं मशीन आवडलं होतं. दुकानदाराने पातळ पत्र्यावर सरळ रेघ ओढून दाखवली. मामा म्हणाले, दरवाजे आणि मडगार्डच करायचे असतील तर हेच घे. पण सिलिंडर भरायला दर वेळी धुळ्याला येशील का? आणि तुमच्या अंगणात वारा किती, तो गॅस उडवून नेईल. मग त्यांनी रॉडवर चालणारं, डब्याएवढं इन्व्हर्टर मशीन काढायला लावलं. दुकानदाराला त्यांनी अँपिअर विचारलेच नाहीत. विचारलं ते हे: व्होल्टेज पडलं की चालतं का? भर अँपिअरवर दहा मिनिटांत किती मिनिटं टिकतं? केबल जाड आहे का, अर्थिंगचा चिमटा पितळी आहे का? उरलेल्या पैशांत भारी मशीन घेऊ म्हटलं तर म्हणाले, त्यात चांगलं हेल्मेट घे. मशीन दुसरं मिळेल, डोळे मिळणार नाहीत.

एका हाताने ते मशीन उचलून एसटीत बसलो, तेव्हा आपण फसलो असंच वाटत होतं.

पाच महिने, दर शनिवार-रविवार गावी येऊन, मी भंगारातल्या पट्ट्या जोडल्या. पहिल्या पत्र्याला भोकंच पडली. जोड थंड झाला की तो शिकंज्यात धरून हातोडीने वाकवायचा, ही मामांची परीक्षा. तुटला की मी पेटीतली सळई बाहेर काढून समोर ठेवायचो आणि पुन्हा सुरू करायचो. मनात मिस्तरीचं तोंड असायचं. हे चांगलं नाही, मला माहीत आहे, पण त्यानेच माझा हात स्थिर झाला.

चासी मामांनी मला एकट्याला करू दिली नाही. श्रावण संपता संपता ते आले. आधी बॅटरीच्या तारा सोडवायला लावल्या, नाहीतर गाडीचं वायरिंग जळतं. जुना जोड पूर्ण कापला, कडा घासल्या, वर जाड पट्टी बसवली. एक बाजू त्यांनी जोडली, दुसरी मी. आबांनी वाळूची पोती भरून महिनाभर गाडी त्याच उतारावरून नेली. जोड हलला नाही. बाजारात मात्र गाडी रिकामीच उभी राहायची.

दसऱ्याला मी सळई घेऊन गॅरेजवर गेलो. पाटावर पाने-पक्कड, हातोड्या, वेल्डिंगचा होल्डर मांडून हळद-कुंकू वाहिलेलं होतं. गिऱ्हाइकं पेढे खात होती. मी बनियनची गुंडाळी सोडली आणि सळई पाटावर हातोडीशेजारी ठेवली.

"हीसुद्धा तुमचीच आहे, भाऊ. पूजेत राहून गेली होती."

"कसली ही?"

"बैलगाडीच्या चासीतली. लांबीखाली होती."

ते काय आहे, हे तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला कळलं. मिस्तरीने सळई उचलली, टोकाची लांबी अंगठ्याने चाचपली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. किती महिने वाट बघितली होती. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी कोणाच्या तोंडी लागत नाही मी," आणि सळई भंगारात टाकली. एक ड्रायव्हर हसला, पण कोणाला हसला ते कळलं नाही. परत येताना मला गोड काहीच वाटलं नाही. भूक लागली होती, एवढंच.

दिवाळीनंतर मी होस्टेलवर होतो. आबांचा फोन आला. ते फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलो.

"तो मिस्तरी ऊना व्हता," आबा म्हणाले. "गाडीखाले गया. जोडवर हातोडी मारी मारी पाहं."

"काय म्हणाला?"

"काहीच नही. तुनी मायनी चहा दिधा, पिना आनि गया."

"चहा दिला? त्याला?" मी ओरडलोच. "माफी तरी मागितली का?"

"माले नही मांगी." मग आबांनी सांगितलं, बाजारात तो अक्कांच्या दुकानाशी गेला होता. एक बरणी विकत घेतली आणि त्यांना म्हणाला, त्या दिवशीची चूक माझी होती, ड्रायव्हरची नव्हती. अक्कांनी स्वतः आबांना सांगितलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मला ते चार लोकांत हवं होतं.

"आयकी राहिना ना?" आबा म्हणाले. "शनवारले अक्काना सारा माल आपली गाडीमाच जाई."