दुपारनंतर अबोली मिळत नाही

माझी भाची पुण्यात कपड्यांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मध्ये आली होती, तर जेवताना सांगत होती की आता कपडे बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या एकत्र बसून ठरवतात, धूर कमी कसा करायचा, पाणी कमी कसं लागेल, हवामान बिघडतंय त्यात आपला वाटा किती. एरवी एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्या, पण यासाठी एका टेबलाशी येतात म्हणे. "आणि मग पाळतात का?" मी विचारलं. ती हसली. मी मात्र खरंच विचारत होते. अगं, ठरवायला काय जातंय! पाळायची वेळ येते तेव्हा समोर गिऱ्हाईक पदर खोचून उभं असतं.

मी ते गिऱ्हाईक पाहिलंय. माझ्याच मोपेडवर मागे बसवून नेलं होतं.

नव्वदच्या दशकात मी नगरला सावेडीत घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायचे. तेव्हा मॅचिंगचं असं वेड होतं की विचारू नका. ओढणी, अस्तर, परकर, फॉल, सगळं एकाच रंगाचं पाहिजे, एक छटा इकडे की तिकडे झालेली चालायची नाही. बाजारात तो रंग नाही मिळाला की पांढरं कापड घ्यायचं आणि रंगवून आणायचं. त्यासाठी मी दिवसाआड नगरच्या जुन्या भागात रंगाऱ्यांच्या गल्लीत जायचे.

गल्लीत तीन रंगारी होते. एक वयानं मोठे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. समोरासमोर दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांचं आपसात बोलणं बंद. का बंद, हे दोघांनाही नीट आठवत नसावं. तिघांच्या अंगणात तीन भट्ट्या. प्रत्येक रंगाला नवं पाणी उकळायचं, काम झालं की ते गटारीत ओतायचं आणि पुन्हा लाकडं घालायची. बाभळीचं लाकूड ओलं असलं की असा धूर व्हायचा की मला माझी मोपेड सापडायची नाही.

त्या धुरात सगळ्यात जास्त हाल चाचांच्या बायकोचे, म्हणजे चाचीचे. ठेंगणीठुसकी बाई, बोलायची भारी हौस. पण वाक्य कधी पुरं व्हायचं नाही. "ताई, परवाच्याला तुमची ती..." इथपर्यंत यायची आणि खोकला धरायचा. मग पुढचं हातवाऱ्यांनी. लग्नसराईत तिन्ही भट्ट्या पेटल्या की ती आपली चटई उचलायची आणि पार गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर जाऊन बसायची. एका उन्हाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी चाचांना स्पष्ट सांगितलं, घराजवळचा धूर बंद करा, नाहीतर पुढचा उन्हाळा यांना जड जाईल.

चाचा दवाखान्यातून थेट त्या दोन भावांकडे गेले. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, कारण दोघं एका ओट्यावर बसत नसत. काय बोलले कोण जाणे, पण ठरलं. अंगणातल्या भट्ट्या बंद. सीना नदीच्या बाजूला मोकळ्या जागेत तिघांत मिळून एकच भट्टी. सकाळी एकदा जाळ घालायचा आणि दिवसभर तेच पाणी वापरायचं, फिक्यापासून गडदाकडे जात. म्हणजे सकाळी पिवळा, मग अबोली, केशरी, लाल, दुपारी डाळिंबी, उन्हं कलली की तपकिरी आणि शेवटी काळा. हिरव्या-निळ्याचं दुसरं पातेलं शेजारी त्याच जाळावर. पाणी ओतून द्यायचं ते संध्याकाळी एकदाच. लाकडाचा ढीग पाहता पाहता एवढासा झाला.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी आता रंगांचं टाइमटेबल पाठ करू काय?"

"व्हय ताई," चाचा शांतपणे म्हणाले. "काळा पायजे आसंल तर दुपारचं झोपून उठून या. पिवळा पायजे तर कोंबड्याबरोबर."

मी आठवडाभर चडफडले आणि मग पाठ केलं. न करून सांगते कुणाला? पण गल्लीत शिरताना डोळे चुरचुरत नव्हते, हे मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवलं. चाची दारात बसून लसूण सोलत असायची. खोकला होता, पण मधे मधे उसंत मिळत होती. "ताई, परवाच्याला तुमची ती वढनी..." पर्यंत गाडी आली होती.

मग ती लग्नसराई आली. सावेडीतल्याच एका बंगल्यातल्या वहिनी, माझं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या ओळखीनं निम्मी कॉलनी माझ्याकडे यायची. त्यांच्या मुलीचं लग्न नेवाशाला होतं आणि संध्याकाळी वऱ्हाड टेम्पोनं निघणार होतं. रिसेप्शनच्या घागऱ्यावरची ओढणी आधी पिस्ता ठरली, मग मोतिया, आणि निघायच्या दिवशी भर दुपारी वहिनी दारात हजर. "अबोलीच पाहिजे. पोरीनं रडून रडून घर डोक्यावर घेतलंय."

"वहिनी, आता अबोली संपली असेल."

"रंग काय संपतो का हो? चला, मी येते."

आल्या की मागे बसून. गल्लीत चाचा दोरीवर कपडे वाळत घालत होते. त्यांनी पांढरी ओढणी पाहिली आणि मान हलवून नाही म्हटलं. नदीकडच्या भट्टीवर डाळिंबी चालू होता. अबोली उद्या सकाळी.

वहिनींनी आजूबाजूला पाहिलं आणि थोरल्या भावाच्या अंगणात बोट दाखवलं. जुनी भट्टी तिथं तशीच होती, वर फक्त घमेलं पालथं घातलेलं. "ही पेटवा की. एका ओढणीला कितीसा जाळ लागतो?"

थोरला भाऊ घुटमळला. लग्नघरचं गिऱ्हाईक, त्यात बाई माणूस दारात येऊन विनवतेय. "एकदा पेटवली तर काय व्हतंय," तो म्हणाला आणि घमेलं बाजूला सारलं.

समोरच्या ओट्यावरून धाकटा हे सगळं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की आज हा पेटवतोय ना, मग उद्या मीही पेटवणार. लग्नं तर रोजच होती. कुणाची पिस्ता, कुणाची मोतिया. आठ दिवसांत तिन्ही अंगणं पुन्हा धुरानं भरणार, हे तिथल्या मांजरालाही कळत होतं. चाचांनाही कळत होतं, पण ते माझ्याकडे बघून पुन्हा दोरीकडे वळले. इतक्या वर्षांची मी त्यांची गिऱ्हाईक, माझ्यासोबतच्या माणसाला कसं अडवणार?

तेवढ्यात चाची दारात आली. तिनं थोरल्या भावाच्या हातातलं लाकूड पाहिलं. आत गेली, चटई काखेत घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि भिंतीला हात लावत लावत गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली. तिची काही तक्रारही नव्हती. धूर होणार, आपण उठायचं, एवढंच.

माझा पारा असा चढला की बस. कुणावर चढला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मी थोरल्याच्या हातातलं लाकूड हिसकावलं. "ठेवा ते घमेलं परत!" तो दचकलाच. मग वहिनींकडे वळले. "डाळिंबी मिळेल. नाहीतर पांढरी न्या. अबोली मिळणार नाही."

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?" वहिनी उसळल्या.

"त्या बाईचा श्वास कोंडतो, वहिनी. बघा की तिच्याकडे, भिंत धरून चाललीय. एका ओढणीपायी मी हे करू देणार नाही. तुमची मुलगी डाळिंबी ओढणीनं काही कुरूप दिसणार नाही."

वहिनींनी बघितलं खरं. क्षणभर त्यांचा चेहराही उतरला, हे मी नाकारणार नाही. पण माझा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला होता, आणि अपमान तो अपमानच. ओढणी माझ्या हातातून ओढून घेतली, रिक्षा केली आणि गेल्या. त्या पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांच्यामागोमाग कॉलनीतल्या बऱ्याच जणी सुटल्या आणि त्या वर्षी माझं मशीन पुष्कळ वेळ नुसतंच बसून होतं. नवरा म्हणाला, "जरा गोड बोलून सांगितलं असतंस तर?" बरोबरच होतं त्याचं. पण गोड बोलायला मला आलं असतं तर मी ब्लाउज कशाला शिवत बसले असते, पुढारीण नसते झाले?

थोरल्या भावानं मात्र दुसऱ्या दिवशी ती भट्टी पहारीनं फोडली. ते पाहून धाकट्यानंही आपली फोडली. बोलणं बंदच होतं, पण विटा दोघांनी एकाच ढिगात टाकल्या.

पुढचा उन्हाळा आला. डॉक्टर म्हणाले होते तो. मला एका बाईचं अस्तर घाईनं हवं होतं, लिंबू रंगाचं, आणि निघायला उशीर झाला. गल्लीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. चाचा भट्टीवर होते. दारात चाची होती, सुपात गहू घेऊन. मी पिशवी पुढे केली आणि हळूच म्हटलं, "चाची, बघा ना काही जमतंय का."

तिनं सूप खाली ठेवलं.

"आवं ताई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या, हातात घड्याळ बांधून हिंडता, अन् बारा वाजता लिंबू मागता, अन् मागच्या साली त्या बाईवर कोण वरडलं हुतं, मी का तुमी, सगळ्या गल्लीनं आइकलंय, आता तुमालाच सूट दिली तर ते दोगं मला काय म्हंतील, न्हाई जमायचं, उद्या सकाळच्याला या, अन् येताना डोक्यावर पदर घेऊन या, लई ऊन हाय!"

मी खाली मान घालून ऐकत होते. मधे कुठे श्वास घ्यायला थांबली तर काहीतरी म्हणावं, असा माझा विचार होता. बाई थांबलीच नाही.