बोअरच्या पोटात सोडलेलं मेण

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर तेवढं सांभाळून घ्यावं. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

बाहत्तरच्या दुष्काळात शेवगावकडच्या आमच्या गावात विहिरी तळापर्यंत कोरड्या पडल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मळ्यात बोअर घ्यायचं ठरवलं. नगरहून एक मिस्त्री मशीन घेऊन आले. ख्रिस्ती होते, पन्नाशीचे, फार हळू बोलायचे. ह्यांनी त्यांना कामाचे ठरलेले सगळे दीडशे रुपये आगाऊ दिले. जड पोलादी छिन्नी उचलायची, आपटायची आणि चुरा उपसायचा, असं ते काम. मी भाकरी घेऊन गेले की तो धपका माझ्या टाचेत जाणवायचा.

साठ फुटांपर्यंत चांगलं चाललं. पुढे लाल मऊ थर लागला आणि रोज सकाळी भोक हातभर भरलेलं सापडू लागलं. उपसलं की फुटक्या कौलासारख्या पातळ, बाकदार कपच्या निघायच्या.

हे चिडले. "मिस्त्री, तुमचं भोकच वाकडं हाय. छिन्नी भितीला घासती, म्हून ढासळतंय."

"सरळ हाय, दादा. ओळंबा सोडून बघा."

"ओळंब्यानं पानी लागत न्हाई. आमचं पैसं द्या अन् मशीन उचला."

चार माणसं उभी होती. मिस्त्रींनी वाद घातला नाही. कमरेची पिशवी सोडून दीडशे रुपये ह्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "उद्याचा दिस द्या. काम का बिघडलं तेवढं बघून जातो. वाकडं भोक पाडतो असं नाव झालं, तर मला कोन बोलवंल?"

दुसऱ्या दिवशी हे बैलांसाठी कडबा आणायला गेले. मिस्त्रींनी मला विचारलं, "वैनी, मूठभर मेण मिळंल का?"

तेव्हा आम्ही कपाळाला आधी मेण लावायचो, मग त्यावर कुंकू. एकीच्या डबीत कितीसं असणार? मी खाली मान घालून चार घरी गेले. जाऊबाई हसल्या, "तुजं कपाळ एकदम मोठं झालं का काय गं?" कारण सांगितलं तेव्हा त्यांनी सगळी डबी खरवडून दिली. "पानी लागलं तर पयला हंडा माझा."

मिस्त्रींनी बांबूच्या चार कामट्या एका सळईला छत्रीच्या काड्यांसारख्या बांधल्या. सुतळी ओढली की मिटायच्या, सोडली की फाकायच्या. प्रत्येकीच्या टोकाला मी ऊन मेणाची गोळी लावली. मिस्त्रींनी सळईवर दिशेची खूण केली, वर सळया जोडत ती लाल थरापर्यंत सोडली आणि तिथे सुतळी ढिली करून पुन्हा ओढली.

वर आली तेव्हा उत्तर-दक्षिणेच्या गोळ्या दाबून चपट्या झाल्या होत्या. पूर्व-पश्चिमेच्या जशाच्या तशा, भिंतीला शिवल्याही नव्हत्या.

"भोक वाकडं असतं तर एकाच अंगाला झिजलं असतं," मिस्त्री म्हणाले. "हितं पूर्व-पश्चिम दोन्ही अंगांनी सारखं गेलंय. खालच्या खडकाला चारी बाजूंनी दाब असतो, वैनी. मधला दगड आपन काढला, त्याचा भार कडेच्या भितींवर आला. उत्तर-दक्षिन दाब जादा दिसतोय, म्हून पूर्व-पश्चिमेच्या भिती चेपून कपच्या उडत्यात. वरच्या काळ्या दगडानं सोसलं. ह्या लाल थराला सोसंना."

मला ते लगेच समजलं. थोरली नणंद सासरी गेली तेव्हा आम्ही सगळे एकत्र होतो, पण तिचं काम घरात सगळ्यांवर सारखं वाटलं गेलं नव्हतं. ते जाऊबाईंवर आणि माझ्यावरच येऊन पडलं होतं.

संध्याकाळी हे जेवायला बसले. मी म्हटलं, "मिस्त्रींची चूक न्हाई."

"तुला काय कळतं त्यातलं?"

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण त्यांचं बोलणं मी कधी खोडलं नव्हतं. मी त्या चार गोळ्या ताटाशेजारी मांडल्या, चपट्या वर-खाली, गोल दोन बाजूंना, आणि ऐकलं तसं सगळं सांगितलं. त्यांनी एकेक उचलून पाहिली. भाकरी तशीच राहिली.

"लोकांसमोर बोललो मी त्यांना," ते म्हणाले. मग शेवटची गोळी खाली ठेवत, "अन् पैसं तर कडब्यात गेलं."

सकाळी त्यांनी त्याच चार माणसांना मळ्यावर नेलं आणि त्यांच्यादेखत मिस्त्रींना म्हणाले, "माझंच चुकलं. तुमचं पैसं फेडतो, पन काम सोडून जाऊ नका." मिस्त्रींनी आपल्याजवळचा जुना लोखंडी पाईप लाल थरात बसवला. ढासळणं थांबलं. नव्वद फुटांवर पाणी लागलं. थोडंच होतं, पण प्यायला पुरलं.

आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. पगार झाला की दहा-पाच रुपये बाजूला पडायचे आणि बाजारच्या दिवशी हे ते शेवगावात नव्या कामावर असलेल्या मिस्त्रींना पोचवायचे. शेवटच्या खेपेला मला सोबत नेलं. वीस रुपये माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच दे."

मी पदर सावरून नोटा पुढे केल्या. मिस्त्रींनी त्या कपाळाला लावल्या. "फिटलं, वैनी. दीडशेच्या दीडशे आले."