कापसातला बुवा आणि दादाचा हात

दादा गेला ही बातमी मला कुणी सांगितली नाही, मीच ती सगळ्यांना सांगत बसले. सकाळी त्याच्यासाठी केलेली पेज वाटीत तशीच होती, आणि मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा धरून नंबर शोधत होते. आधी पुण्याला त्याचा मुलगा, मग गावाकडचे भाऊबंद, मग सोयरे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "कसं झालं?" आणि प्रत्येकाला माझं उत्तरही एकच. पाचव्या-सहाव्या फोनपर्यंत माझा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सपाट झाला होता. एक चुलतभाऊ तर म्हणाला, "शोभाताई, तुमची मात्र कमाल आहे, किती खंबीर!" खंबीर कसली डोंबलाची! थकले होते. चार महिने थकलेलीच होते, आणि आता सव्वा महिना उलटला तरी तो थकवा अंगातून निघायचं नाव घेत नाही. लिहा, मोकळं वाटेल, असं लोक म्हणतात. बघू या.

दादा म्हणजे प्रल्हाद, माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावात त्यानं जन्मभर शेती केली. मी नांदुऱ्याला प्राथमिक शाळेत तीस वर्षं पोरं हाकली आणि निवृत्त झाले. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली, माझ्याही घरात मी एकटीच, तेव्हा दादाचं आजारपण निघालं तसं मी त्याला सरळ माझ्याकडे आणलं. इथून दवाखान्यात न्यायला गाडी मिळते, औषधाची दुकानं हाकेच्या अंतरावर. मी बोलते ती पुस्तकातली मराठी, नोकरीनं जिभेला लावलेली. दादाची मात्र शेवटपर्यंत वऱ्हाडी. मी गोळ्यांच्या वेळा समजावून सांगायला लागले की म्हणायचा, "शोभे, तू घरात बी शाळा भरवतं काय वं?"

पण मला सांगायचंय ते मधल्या खोलीचं. आमचं घर तीन खोल्यांचं. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की कापूस घरात यायचा, आणि बाबांच्या मनासारखा भाव येईपर्यंत मधल्या खोलीतच राहायचा. आढ्याला टेकेल एवढा ढीग. उरलेल्या चार हात जागेत आम्हा दोघा भावंडांच्या गोधड्या. आमच्याकडे तेव्हा घरोघरी असंच असायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कापसाची ऊब छान लागायची, अंगाला खाज मात्र सुटायची. आम्ही त्यावर उड्या मारून कापूस मळवू नये म्हणून मायनं एकदा सांगून ठेवलं, "कापसात बुवा राह्यते. पाय धरून आत ओढते." झालं! दादा हसला, पण माझ्या डोक्यात तो बुवा कायमचा मुक्कामाला आला. आणि खरंच, दिवेलागणीला सगळं शांत झालं की तो ढीग आपोआप खचायचा. खस्स... असा आवाज यायचा. कधी उंदीर असेल, कधी नुसता कापूस बसत असेल. पण पाच-सहा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? त्यात घरचा नियम असा की कापूस घरात असेतो मधल्या खोलीत दिवा न्यायचा नाही. चिमणी, कंदील, साधी काडीसुद्धा नाही. म्हणजे बुवाही तिथंच, अंधारही तिथंच, आणि झोपायचंही तिथंच.

मी दाराशी उभी राहून भोकाड पसरायची. बाबा ओरडायचे, माय म्हणायची, "काही नाई तठी, जाय झोप." दादा मात्र "काही नाही" असं कधीच म्हणाला नाही. तो विचारायचा, "कोणत्या बाजूनं आवाज आला वं?" मी बोट दाखवायची. मग तो अंधारात आत जायचा, बाही वर सारायचा आणि त्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा. एकदा खाली, एकदा मधे, एकदा भिंतीच्या बाजूनं. मला दिसायचं काहीच नाही, नुसती खसखस ऐकू यायची. मग केसाला कापूस चिकटलेला दादा बाहेर यायचा आणि सांगायचा, "पाह्यलं. कोणी नाई. झोप आता." त्यानंतर मला पाच मिनिटांत झोप लागायची. किती हिवाळे त्यानं हे केलं, देव जाणे. न बघता "पाह्यलं" असं तो एकदाही म्हणाला नाही. मी कान देऊन ऐकत असायची ना, मला कळलं असतं.

एका संध्याकाळी मी हट्टालाच पेटले. हातानं नको, मला उजेडात दाखव, म्हणून पाय आपटले. माय-बाबा शेजारी गेले होते. दादानं स्वयंपाकघरातली चिमणी उचलली, उंबऱ्यावर उभा राहिला आणि हात लांब करून म्हणाला, "पाय, हे पाय." म्हणजे बघ, हे बघ. ठिणगी पडली आणि खाली सांडलेला कापूस भुर्रकन पेटला. त्यानं चिमणी मागे ठेवली आणि पेटलेला कापूस दोन्ही हातांनी थापटून विझवला. ढीग वाचला, घर वाचलं, त्याचा उजवा तळवा मात्र भाजला. बाबांनी घरात पाऊल टाकलं आणि वासावरूनच ओळखलं. भाजलेल्या हाताच्या पोराला त्यांनी बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. "काऊन नेली बे चिमणी आत?" असं विचारत होते आणि मारत होते. दादा एवढंच म्हणाला, "उगीच." माझं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मायच्या लुगड्यामागे लपून बघत राहिले... फार चांगली बहीण!

माझ्याकडे राहायला आल्यावर एकदा चहा पिताना मी हे सगळं काढलं. तळव्यावरचा तो सुरकुतलेला डाग कपाच्या कानाशी दिसत होता. मी विचारलं, "दादा, तुला नव्हती का रे भीती वाटत?" त्यानं बशीत फुंकर घातली. मग म्हणाला, "वाटे ना. तुह्यापेक्षा जास्त भेव वाटे मले. अर्धा हात आत गेला की वाटे, आता धरते..." मी म्हटलं, "मग कशाला जायचास?" तर म्हणतो, "मंग तू झोपली असती काय?" असं म्हणून बशी तोंडाला लावली. रडू फुटू नये म्हणून मी कप विसळायला उठले.

शेवटच्या महिन्यात त्याचं डोकं मधूनमधून भरकटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ कमी झालं की असं होतं. खाटेसमोर लोखंडी कपाट आहे, त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "शोभे, त्याच्या मागं कोणीतरी आहे. पाय बरं." पहिले काही दिवस मी उठले, वाकून बघितलं. पण दिवसातून दहा-दहा वेळा! त्यात अंग पुसणं, कपडे बदलणं, औषधं, दवाखान्याच्या खेपा. माझ्या नाकी नऊ आले होते. मग मी त्याला समजवायला लागले. तीस वर्षं पोरांना शिकवलेलंच वाक्य, "असं काही नसतं." एकदा तर चक्क खेकसले, "लहान आहेस का आता?" तो ओशाळून हसला. ते हसणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आणि मग ती दुपार. मी नुकतीच खुर्चीत टेकले होते, पाय ठणकत होते. दादानं पुन्हा बोट केलं. ते डागाच्या हाताचं बोट. "शोभे, पाय ना वं." मी डोळेही नीट उघडले नाहीत. बसल्या जागेवरून म्हटलं, "पाहिलं दादा. कोणी नाही. झोप." मग अगदी हळू, रागाचा लवलेशही नाही, म्हणाला, "उठली कुठी वं तू?"

मी तेव्हा उठायला हवं होतं. चार पावलांवर कपाट होतं. मी उठले नाही. मला वाटलं, आता उठले तर खोटेपणा कबूल केल्यासारखं होईल. म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले, मेली! त्यानं कपाटाकडे पाठ केली, म्हणजे भिंतीकडे तोंड. नंतर तीन दिवस तो होता. त्या तीन दिवसांत त्यानं एकदाही बोट दाखवलं नाही. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. एकदा मीच विचारलं, "दादा, बघू का कपाटामागे?" तर म्हणाला, "राहू दे. दमली तू." चौथ्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले, तर...

तेरवी झाल्यावर भाच्यानं, दादाच्या मुलानं, खाट बाहेर काढली. म्हणाला, "आत्या, कपाटही हलवू का? मागे सगळं झाडून घेतो." मी एकदम ओरडलेच त्याच्यावर, "हात लावू नकोस त्याला!" बिचारा बघतच राहिला. काय सांगणार होते त्याला? कपाट आहे तिथंच आहे. रोज दिवेलागणीला मी त्या खोलीत जाते. दिवा लावत नाही. गुडघे कुरकुरतात, तरी भिंतीला टेकून बाही वर सारते आणि कपाटाच्या मागच्या फटीत हात घालते, जाईल तेवढा, खांद्यापर्यंत. अर्धा हात आत गेला की मलाही वाटतं, आता धरेल. कुणी धरत नाही. हाताला गार भिंत लागते, जाळं लागतं. मग जिथं खाट होती तिकडे तोंड करून मी सांगते, "दादा, उठून पाह्यलं मी. कोणी नाई. झोप आता."